सॉफ्टवेअरला बॅच माहितीये, काकू माहिती नाहीत

मागच्या आठवड्यात मेडिकलवर एक काकू आल्या, हातात दोन चिठ्ठ्या, एक नेहमीच्या बीपीच्या डॉक्टरांची आणि दुसरी गुडघ्यासाठी साताऱ्याला जाऊन आणलेली, म्हणाल्या "दोन्हीतलं सगळं देऊन टाक बाळा, परत परत येणं होत नाही." काउंटरवरच्या पोरानं पटापट बिल केलं, स्टॉक होता, एक्सपायरी लांबची, जीएसटी बरोबर, काहीच अडलं नाही. मी सहज बघितलं तर एकीकडं टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइडची एकत्र गोळी, आणि दुसरीकडं डायक्लोफिनॅक दिवसातनं दोनदा, पंधरा दिवस. ही बीपीची गोळी, त्यातलंच लघवी वाढवणारं औषध आणि वरनं पेनकिलर, असे तिघं एकत्र आले की किडनी दाबली जाते, आणि काकूंचं वय सत्तरच्या पुढं. गुडघ्याच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांना बीपीचं माहितीच नव्हतं. काकू म्हणतात, "ते गुडघ्याचे डॉक्टर, त्यांना कशाला सांगू बीपीचं?" डॉक्टर भले माणूस, लगेच पॅरासिटामॉल आणि लावायचं जेल लिहायला सांगितलं.

आता माझी तक्रार अशी की दुकानाच्या ज्या बिलिंग सॉफ्टवेअरला मी दरवर्षी पैसे भरतो ते तीन महिन्यांत एक्सपायर होणाऱ्या मालाची लाल यादी रोज सकाळी तोंडावर मारतं, पण हे बघून गप्प बसलं. ते दुकान सांभाळायला बनलंय, पेशंट सांभाळायला नाही. शेड्यूल एच-वनचं, म्हणजे काही अँटिबायोटिक, सवय लागणाऱ्या गोळ्या अशा कडक नियमातल्या औषधांचं रजिस्टर मात्र त्यातनं छान निघतं, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, आणि तीन वर्षं ठेवायचं असतं ते, हातानं लिहायचो तेव्हा हात मोडायचे. तेवढं श्रेय द्यायलाच पाहिजे.

क्यूआर कोडचं पण तसंच. १ ऑगस्ट २०२३ पासनं ३०० ब्रँडवर कोड सक्तीचा झाला, डोलो, कॅलपॉल वगैरे, स्कॅन केलं की कंपनी, बॅच, बनवल्याची तारीख, एक्सपायरी, लायसन्स नंबर दिसतो. कल्पना एकदम चांगली. पण आमच्याकडं निम्मं गिऱ्हाईक चार गोळ्या कापून नेणारं, आणि कोड स्ट्रिपच्या दुसऱ्या टोकाला नाहीतर खोक्यावर! त्यामुळं मी कोडची बाजू शेवटपर्यंत ठेवतो आणि बॅच बिलावर टाकतो, कुणी विचारलं तर दाखवायला.

खरं डिजिटल टूल विचाराल तर व्हॉट्सॲप. पुण्यातला मुलगा वडलांच्या चिठ्ठीचा फोटो टाकतो, पैसे यूपीआयनं, गोळ्या घरपोच. सोय आहे, पण फोटोवरची तारीख बघितल्याशिवाय मी पुडी बांधत नाही. एकदा आलेल्या फोटोत ग्लिमेपिराइड ही साखरेची गोळी दोनची होती आणि मधल्या काळात आजोबांना साखर कमी होऊन चक्कर आली म्हणून डॉक्टरांनी एकची केलेली, मुलाच्या फोनमध्ये जुनीच चिठ्ठी. आजोबांना फोन केला म्हणून कळलं. तेव्हापासनं फोटो आला की पहिला फोन घरी.

आभाचा, म्हणजे सरकारच्या डिजिटल आरोग्य खात्याचा, १४ आकडी नंबर घेऊन माझ्या काउंटरवर अजून कुणी आलं नाही, आयुष्मान कार्ड दाखवून "ह्याच्यावर औषध फुकट का?" विचारणारे मात्र रोज. टीबीचं वेगळंच. २०१८ पासनं केमिस्टनं पण टीबीच्या पेशंटची नोंद कळवायची, निक्षय पोर्टल त्यासाठीच आहे, पण छोट्या गावात नाव कळेल म्हणून माणसं शेजारच्या तालुक्यातनं गोळ्या आणतात, तिथं पोर्टल काय करणार?

म्हणून मी जुगाड केलाय. सॉफ्टवेअरमध्ये गिऱ्हाइकाच्या पत्त्याला दोन ओळी असतात, दुसऱ्या ओळीत मी लिहितो, "किडनी", "गरोदर", "पेनिसिलिन नको". नाव टाकलं की समोर दिसतं. फक्त ती ओळ बिलावर पण छापते हे नंतर कळलं, एका भाऊंच्या बिलावर "पत्ता: पेनिसिलिन नको, वाई" असं आलं, ते म्हणाले मी कुठं राहायला गेलो हो? सपोर्टवाल्या पोराला म्हणलं ॲलर्जीसाठी एक वेगळा रकाना दे की बाबा, छापायचा नाही असा, तर तो म्हणतो सर तसा नाहीये, पण वाढदिवसाचा एसएमएस जातो, चालू करू का?

बिलावर छापणं तेवढं बंद करून घेतलं. काकूंच्या ओळीत "पेनकिलर आधी विचार" एवढं मावलं.