दाबताना नाही, सोडताना तुटतं

गेल्या आठवड्यात घरी आईने नाचणीचे लाडू करायला घेतले आणि मलाही वळायला बसवलं. तूप जरा हात राखूनच घातलेलं, त्यामुळे मुठीत लाडू मस्त गच्च आणि मूठ उघडली की चीर. आई म्हणाली, "अरे नुसता दाबतोस काय, सोडतोस कसा ते बघ." मला हसूच आलं, कारण हेच शिकायला मला लोटे एमआयडीसीत औषधी गोळ्यांच्या मशीनवर दोन वर्षं लागली होती.

गोळीत बऱ्याचदा औषध कमी आणि मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोजच जास्त, म्हणजे लाकडाच्या लगद्यातून काढलेलं पॉलिमरच ते. डायमध्ये, म्हणजे साच्यात, पावडर, वरून-खालून पंच, म्हणजे दाबणारे दांडे. आधी कण नुसते सरकून जागा करून घेतात, सरकायला जागा उरली नाही की चेपतात, कायमचे, आणि एकमेकांना धरून बसतात. गोळीत भर म्हणून डायकॅल्शियम फॉस्फेटही घालतात, त्याचं तसं नाही, त्याचे कण चेपण्याऐवजी फुटतात.

आता गंमत बघा. डायची भिंत चारी बाजूंनी धरून आहे तोवर १०० मेगापास्कलने दाबा, पावडर तडकत नाही, उलट घट्ट होत जाते. तीच गोळी बाहेर काढून हार्डनेस टेस्टरच्या जबड्यात कडेवर धरली की मधोमध चीर आणि दोन फाका, कारण दोन बाजूंनी दाबल्यावर ती मध्ये आडवी ताणली जाते आणि ताण काही तिला सोसत नाही. १० मिमी व्यासाची, ४ मिमी जाडीची गोळी १०० न्यूटनला फुटली तर हिशोबाने तो ताण भरतो जेमतेम १.६ मेगापास्कल. बोला!

एका रात्री बॅचला कॅपिंग लागलं, गोळ्यांच्या टोप्याच निघायला लागल्या, साहेब म्हणाले दाब वाढवा, वाढवला तर अजून वाईट. पंच उचलला की गोळी थोडी फुगते, आत कोंडलेली हवा पण वाट शोधते, त्यात ती अर्धी डायमध्ये आणि अर्धी बाहेर असताना वरचा भाग मोकळा झालेला आणि खालचा अजून आवळलेला, तिथेच फाटते. शेवटी मशीन हळू केलं, आधी हलका प्री-कम्प्रेशनचा दाब दिला, मग पहाटे कुठे चहा प्यायला मिळाला.

पावसाळ्यात आपल्याकडे अजून एक भानगड, सेल्युलोज हवेतलं पाणी ओढतं. थोडं असलं तर कण नरम होऊन छान चेपतात, जास्त झालं तर गोळीच लिबलिबीत.

आईने मिश्रणात अजून दोन चमचे तूप सोडलं, पुढचे सगळे लाडू नीट वळले. चिरलेले मात्र माझ्याच ताटात आले.