डाउन ट्यूबखालची लाल रेघ

"काका, घाट चढायला कोणती सायकल घेऊ?" हा प्रश्न आमच्या दुकानात जेवढा येतो तेवढा दुसरा कोणताच येत नाही, आणि विचारणारा बहुतेक वेळा स्वतःची चांगली चालणारी सायकल दारात उभी करूनच विचारतो. गेल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी असाच एक पोरगा आला आणि त्या दिवशी जे झालं ते मला नीट लिहून ठेवायचंय, खास करून सेकंड हँड सायकल घेऊन डोंगराकडं निघणाऱ्या लोकांसाठी.

दुकान संभाजीनगरात. पोरगा वाळूज एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला, म्हणजे मशीनवरून उतरलेला जॉब मोजायचा आणि पास नाहीतर रिजेक्ट करायचा. नाईट करून तसाच आलता, डोळे लाल, पण हातात वही आणि वहीत प्रश्न लिहिलेले. नवी सायकल घेऊ का आहे तीच चालवू, म्हैसमाळला कसं जायचं, सोबत कोणते पाने ठेवायचे. रविवारी दोन मित्रांसोबत म्हैसमाळ ठरलंय, उन्हाळ्याच्या आत कन्नडचा औट्रम घाट करायचाय, आणि पुढं कधीतरी वाईचा पसरणी. मला अशी वही घेऊन येणारी माणसं फार आवडतात. त्यांना उत्तर देताना आपल्यालाही नीट विचार करावा लागतो.

सायकल त्याची २६ इंची एमटीबी म्हणजे डोंगरी सायकल, ॲल्युमिनियम फ्रेम, पुढं साधं सस्पेन्शन, रिमला दोन्हीकडून दाबणारे व्ही-ब्रेक, ३ गुणिले ७ गिअर. कॉलेजच्या एका पोराकडून घेतलेली, वरून चकाचक.

मी म्हणलं नवी सायकल नंतर बघू, आधी गिअर मोजू. पुढं ४२-३४-२४ दाते, मागं १४ ते २८. आता हे मी सगळ्यांनाच सांगतो, २६ इंची चाक एका फेऱ्यात साधारण २ मीटर ५ सेंटीमीटर जातं. पुढं २४ आणि मागं २८ लावलं तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल पावणेदोन मीटर सरकते, आणि मिनिटाला ६० पायडल मारत राहिलं तर ताशी सव्वासहा किलोमीटरचा वेग राहतो. चढ खडा झाला आणि पायात तेवढा वेग धरायची ताकद उरली नाही की पायडल हळू पडायला लागतं, सगळं वजन गुडघ्यावर येतं आणि माणूस उतरून ढकलायला लागतो. मागं १४-३४ चं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचा दात्यांचा गठ्ठा, बसवलं की तेच पायडल दीड मीटरच्या आत येतं, वेग ताशी पाचवर उतरला तरी पाय फिरते राहतात. त्याचा मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, ३४ दाते पेलणारा होता म्हणून हे काम काही शे रुपयांत होणार होतं, पंचवीस-तीस हजाराची सायकल घ्यायची गरजच नव्हती. डिरेलर छोटा असता तर तोपण बदलावा लागला असता, हे बघितल्याशिवाय कुणी मोठं फ्रीव्हील घेऊ नये.

चेन मोजली. चेनच्या १२ जोड्या म्हणजे बरोबर १२ इंच. माझ्याकडच्या लांब स्टीलच्या पट्टीवर शून्याला एक पिन धरली तर बारा इंचावर यायला हवी ती पिन खुणेच्या पुढं एक अष्टमांश इंचाहून जास्त गेलती. एक सोळांशावर चेन बदलायची असते, एक अष्टमांशावर गेली की तिनं फ्रीव्हीलचे दातेपण खाल्लेले असतात. पोरगा लगेच म्हणला, "म्हणजे एक टक्क्याच्या वर, हे तर सरळ रिजेक्ट." त्याला समजावून सांगायचं कामच पडत नव्हतं.

मग रस्त्याचं बोलणं निघालं. आपलं शहर साधारण पावणेसहाशे मीटर उंचीवर, म्हैसमाळ हजाराच्या वर, पण हा सगळा चढ एकदम अंगावर येत नाही. छावणी, मिटमिटा, शरणापूर फाटा इथपर्यंत पाय मोकळे होतात, दौलताबादचा किल्ला मागं टाकला की दिल्ली गेटची ती अरुंद कमान, तिथं एका वेळी एकच मोठी गाडी मावते म्हणून थांबून समोर बघूनच आत शिरायचं, कुणी हॉर्न मारला तरी घाई करायची नाही. कमानीनंतर घाट सुरू, मग कागजीपुरा, मग खुलताबाद. इथं पाणी भरून घ्यायचं, काहीतरी खायचं, कारण इथून म्हैसमाळपर्यंतचे १२-एक किलोमीटर खरे. श्रावणातल्या शनिवारी मात्र हा रस्ता सायकलवाल्यांनी सोडून द्यावा, भद्रा मारुतीला रात्रभर लोक चालत जातात, तो रस्ता त्या दिवशी त्यांचाच. आणि एप्रिल-मेमध्ये दहाच्या आत घरी पोचता येत असेल तरच निघावं.

पान्यांचं तो भलं मोठं पान भरून आणलंता. मी त्यातलं निम्मं खोडलं. रस्त्यावर लागतं ते एवढंच: दोन ट्यूबा, प्लास्टिकचे टायर लिव्हर, हातपंप, पॅच, सोल्युशन आणि पॉलिश पेपरचा तुकडा, चेन तोडायची पिन असलेला मल्टीटूल, आणि आपल्या स्पीडची, म्हणजे मागं जितके गिअर तितक्या मापाची, चेन जोडायची मिसिंग लिंक. ७-८ स्पीडची लिंक ९ ला चालत नाही. टायर बाजूनं फाटला तर आतून लावायला रिकाम्या टूथपेस्टच्या ट्यूबचा कापलेला तुकडा, तो घरापर्यंत आणतो. आपल्या भागात टायरचा खरा दुश्मन म्हणजे सराटे आणि बाभळीचा काटा, पंक्चर झाल्यावर नुसती ट्यूब बदलून उपयोग नाही, टायरच्या आतून फडकं फिरवायचं, जिथं फडकं अडकलं तिथं काट्याचं टोक असतं, ते काढलं नाही तर नवी ट्यूब दहा मिनिटांत बसती. वॉल्व त्याचे मोटरसायकलसारखे जाड होते, ते मी बदलू दिले नाहीत, आपल्याकडं कुठल्याही टायरवाल्याकडं हवा मिळते. पायडल काढायचा १५ चा पाना, क्रँक काढायचा पुलर, केबल कटर हे घरी ठेवायचं, पाठीवर वागवायचं नाही. आणि डाव्या पायडलला उलटे आटे असतात हे त्याला वहीत लिहायला लावलं कारण नवीन माणूस ते आवळतच बसतो.

एवढं झाल्यावर मी दुकानात कामाला असलेल्या आमच्या पोराला म्हणलं सायकल धुवून घे, मग फ्रीव्हील उतरवू. आमच्या दुकानात धुतल्याशिवाय कुठलीच सायकल स्टँडवर चढत नाही. चिखलाखाली काय असतं ते धुतल्यावरच दिसतं आणि आपल्या काळ्या मातीचा चिखल म्हणजे फ्रेमला सिमेंटसारखा बसतो. पोरानं धुतली, उलटी करून पुसली, आणि मी फडकं घेऊन हेड ट्यूबच्या (हँडलखालची उभी नळी) मागं डाउन ट्यूबच्या (तिथून पायडलकडं उतरणारी नळी) खालच्या बाजूला गेलो तर तिथं वेल्डच्या कडेनं केसासारखी एक काळी रेघ. पुसली तर जाईना.

अशी रेघ बऱ्याचदा नुसती पेंटची असते. पेंट तडकतो आणि खाली धातू चांगला असतो. पण जागा वाईट होती. पुढच्या चाकाला बसणारा दणका फोर्कमधून हेड ट्यूबला येतो आणि तिथून या वेल्डवर, इथं फ्रेम उतारावर सुटली तर हँडल आणि पुढचं चाक एकीकडं आणि माणूस दुसरीकडं. मी त्याला बोलावून दाखवलं. तो खाली बसला, मोबाईलची बॅटरी तिरपी धरून बराच वेळ बघत राहिला, तोंडातून शब्द नाही.

आमच्या पोरानं पेंट काढायला पॉलिश पेपर उचलला तसा हा ओरडलाच. "घासू नको भाऊ! ॲल्युमिनियम मऊ राहतंय, घासलं की भेग लिंपून जाती अन मग काहीच दिसत नाही. रिमूव्हर लाव, अन मला तासभर द्या काका, मी आलोच." आणि मित्राची गाडी घेऊन गेला. नाईट केलेला माणूस, झोप नाही, आणि वाळूजला जाऊन ओळखीच्या टेस्टिंगवाल्याकडून डाय पेनिट्रंटचे, म्हणजे रंगानं भेग शोधायच्या टेस्टचे, तीन डबे घेऊन आला. एक क्लीनर, एक लाल, एक पांढरा. मी एवढी वर्षं फ्रेमी बघतोय, डोळ्यानं, नखानं, टिचकी मारून आवाजानं, पण ही टेस्ट सायकलवर होताना मी पहिल्यांदा बघत होतो.

पेंट रिमूव्हरनं सोललेली जागा त्यानं क्लीनरनं साफ केली, वाळू दिली, लाल डाय मारला आणि सांगितलं आता वीस मिनिटं हात लावायचा नाही, भेग असली तर हे पातळ आपोआप आत ओढलं जातंय. आम्ही चहा घेतला. मग त्यानं वरचा लाल रंग फडक्यानं पुसला, क्लीनर फडक्यावर घेऊन, सरळ फ्रेमवर मारला तर भेगेतला डायपण धुवून निघतो म्हणून. सगळं स्वच्छ चंदेरी झालं, मला वाटलं चला, काही नाही. मग त्यानं पांढरा डेव्हलपर हलका फवारला आणि आम्ही तिघं वाकून बघायला लागलो.

एक-दोन मिनिटं नुसतं पांढरं. मग वेल्डच्या कडेला लाल ठिपका, त्याच्या शेजारी दुसरा, आणि बघता बघता ठिपके जुळून एक रेघ उमटली, ट्यूबच्या खालून सुरू होऊन बाजूनं वर चढत गेलेली. त्यानं स्केल लावली, ३१ मिलिमीटर. वर डोळ्याला दिसत होती ती जेमतेम एक सेंटीमीटर.

"रविवारी याच्यावर उतरणार होतो मी," एवढंच बोलला. माझ्या पोटात कालवलं. दिल्ली गेटचा उतार माझ्या डोळ्यापुढं आला, समोरून एसटी वर येतीय आणि हा खाली.

मग ते बोलणं निघालंच जे अशा वेळी हमखास निघतं. म्हणला आमच्याकडं अर्गन वेल्डिंगवाला हाय, टाका मारून घेऊ का? मी सरळ नाही म्हणलं. अशा फ्रेमी बहुतेक ६०६१ जातीच्या ॲल्युमिनियमच्या असतात, कारखान्यात वेल्डिंग झाल्यावर अख्खी फ्रेम भट्टीत घालून तिची ताकद परत आणतात. आपण नुसता टाका मारला तर भेग भरती पण टाक्याच्या आजूबाजूचा पट्टा मऊ पडतो आणि पुढची भेग तिथून जाती. शिवाय ॲल्युमिनियमचं असं आहे की छोटे छोटे दणकेपण त्याच्या खात्यात जमा होत राहतात, स्टीलला एक मर्यादा असते, त्याखालचे दणके ते आयुष्यभर सोसतं. ॲल्युमिनियमच्या चांगल्या फ्रेमी वर्षानुवर्षं चालतात, मी स्वतः विकतो, पण भेग दिसली की तिचं आयुष्य संपलं असंच धरायचं. क्वालिटीतला माणूस, त्याला "पास करशील का?" एवढं विचारलं तर मान हलवून नाही म्हणला.

आता दुकानात वर टांगलेली एक स्टीलची जुनी एमटीबी फ्रेम होती, व्ही-ब्रेकचे खांब असलेली, २६ इंचाचीच. वजनाला जड, पण सरळ आणि निरोगी. त्यानं आधी तिच्यापण सगळ्या जोडांवर तेच तीन डबे मारून बघितले आणि मगच हो म्हणला, मला ते फार बरं वाटलं. मग बदलाबदली. ऐकायला सोपं वाटतं पण एका फ्रेमचं सामान दुसरीला असं सरळ बसत नाही. सीटपोस्टची जाडी वेगळी निघाली, ती दुसरी शोधली. पुढच्या डिरेलरचा पट्टा मोठा पडला, स्टीलच्या ट्यूबा बारीक असतात ना, तर पत्र्याचा शिम घातला. बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलच्या आसाचं बेअरिंग, ७३ मिलिमीटरची होती, नवी जागा ६८ ची, तीपण बदलली. हेडसेट, म्हणजे हँडल फिरतं ते बेअरिंग, मात्र जमला. चाकाचा आऊट काढला, चेन नव्या फ्रीव्हीलच्या मापानं लांब ठेवली, ब्रेक शू नवे घातले. रिमची ब्रेक घासते ती भिंत हातानं बघितली, खोलगट झालेली नव्हती. सायकल उभी राहिली तेव्हा शेजारचे शटर पडलेले होते. मजुरी मी घेतली नाही, सामानाचेच घेतले.

जुनी फ्रेम मी हॅकसॉनं भेगेवरच कापली. भंगारात अख्खी दिली असती तर कुणीतरी रंग मारून परत विकली असती, ज्यानं याला विकली त्यालाही बहुतेक ठाऊक नसेल. कापल्यावर आत बघितलं तर भेगेचा जुना भाग काळा पडलेला आणि थोडासाच भाग चकचकीत, म्हणजे ती बरेच दिवस वाढत होती. क्वालिटीवाल्या पोरानं त्याचा फोटो काढून विकणाऱ्याला पाठवला, भांडायला म्हणून नाही, त्याच्याकडं अजून एक तशीच सायकल आहे म्हणून.

रविवारी ते तिघं जाऊन आले. दुपारी फोन आला, न उतरता चढला म्हणे, शेवटच्या चढाला ३४ च्या दात्यावर. गिरिजामातेचं दर्शन घेतलं, खाली येताना मी सांगितलं तसं ब्रेक धरून न ठेवता वळणाच्या आधी जोरात दाबून सोडून देत आला, कारण व्ही-ब्रेक सतत घासत ठेवला तर रिम तापते आणि आतली ट्यूब फुटायची भीती असते. एका वळणावर थांबून रिमला बोट लावून बघितलं, कोमट होती म्हणला.

औट्रम घाटाचं विचारत होता. मी म्हणलं आधी ब्रेकच्या दोन्ही वायरी बदलून घे, शुक्रवारी वेळ पुरला नाही, आणि येताना ते तीन डबे घेऊन ये, दुकानात आलेल्या जुन्या ॲल्युमिनियमच्या चार फ्रेमी मी बाजूला काढून ठेवल्यात.