पाचव्या भागाचे दोन तुकडे

मी एका तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे, अमळनेरच्या बाजूला. गावाचं नाव लिहीत नाही कारण आमच्या अध्यक्षांना मोबाईलवर सगळं सापडतं. हॅरी पॉटरचे सगळे भाग आमच्याकडे मराठीत आहेत, भोपाळचे मंजुलवाले छापतात ते, आणि त्यातला सगळ्यात आधी फाटला तो पाचवा. फाटणारच होता म्हणा. मूळ इंग्रजी पाचवा भाग 766 पानांचा आहे आणि पहिला होता 223 चा, म्हणजे बघा कुठून कुठे गेलं प्रकरण. मराठीतला पण उशाला घ्यावा एवढा जाड. वाचणारा पोटावर ठेवून वाचतो, एका हाताने उघडा धरतो, दुसऱ्या हातात कैरी, मग कणा कितीसा टिकणार.

तर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी आमच्याकडे धुळ्याहून बाइंडर येतो. ओट्यावर सतरंजी टाकून बसतो, खळ शिजवतो, त्यात मोरचूद टाकतो कसर लागू नये म्हणून, आणि वर्षभराची फाटकी पुस्तकं शिवून देतो. ऊन असलं की खळ पटकन वाळते म्हणून त्याला हाच सीझन बरा पडतो, आपला मात्र जीव जातो, चव्वेचाळीस डिग्रीत कूलर सुद्धा गरम वारा फेकतो. त्यानं पाचवा भाग हातात घेतला, दोन्हीकडून वाकवला आणि मला हाक मारली, ताई हे एकात होणार नाही. मी म्हटलं का हो? तर म्हणे डिंकाची बांधणी आहे, दुमडलेल्या पानांचे फर्मे नाहीत, सगळी सुटी पानं, एवढ्या जाडीला टोचा मारला तर शिलाई आतला समास खाऊन टाकेल, मग वाचणाऱ्याला ओळीतले शेवटचे शब्द दिसणारच नाहीत. दोन करा.

मी म्हटलं करा दोन, अडतीस प्रकरणं आहेत, एकोणीस झाली की कापा. आणि हे मी दारात उभं राहून मोठ्यानं बोलले.

आत कूलरसमोर चार जण होते. आमचे आप्पा, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, पेपर वाचायला येतात आणि घरी जाताना रोज काहीतरी जाड पुस्तक नेतात. हायस्कूलचे एक सर, सुट्टी असली तरी घरी न थांबणारे. नववीत गेलेली एक पोरगी, जिच्या हातून पुस्तकाचा कणा शेवटचा तुटला होता आणि ती ते नाकारत पण नव्हती. आणि चौथी एक माहेरवाशीण, आखाजीला सुरतेहून आलेली, लहानपणी आमचीच मेंबर होती. आता तिचा मुलगा बालविभागात रांगत होता.

पोरगी पहिली उठली. एकोणीसला कापू नका मॅडम. का गं? तर म्हणे एकोणीसच्या शेवटी हॅग्रिड, शाळेचा तो धिप्पाड रखवालदार, परत येतो, म्हणजे शेवट मस्त, पण मग दुसऱ्या पुस्तकाची सुरुवात त्याच्या त्या राक्षसांच्या गोष्टीने होणार, एवढी बोअर, दुसरा भाग कोणी घेणारच नाही. बावीस नंतर कापा, तिथे हॅरीला चोरून ऐकू येतं की कदाचित तो दुष्ट जादूगार व्होल्डेमॉर्ट त्याच्या अंगात शिरलाय, मग सगळे धावत दुसरा भाग मागतील. मी मनात म्हटलं हिला प्रकाशन संस्थेत नोकरी द्यायला पाहिजे.

सर म्हणाले कापायचंच तर मधलं दोनशे पान काढून टाका ना, एकातच बसेल. सर गंमत करत नव्हते. त्यांचं म्हणणं असं की 2000 साली चौथा आला, 2003 च्या जूनमध्ये पाचवा, तीन वर्षं लोकांनी वाट बघितली आणि मिळालं काय तर पोरगं दहा प्रकरणं शाळेतच पोचत नाही! सिरियसचं, म्हणजे हॅरीच्या त्या कुत्रा होणाऱ्या धर्मपित्याचं, घर झाडतात, पडदे झाडतात, हॅरीची सुनावणी होते, परत घर झाडतात. आणि लेखिकेनंच नंतर मुलाखतीत कबूल केलंय की हे छोटं होऊ शकलं असतं, शेवटी वेळ आणि ताकद उरली नव्हती. आता बोला. सिनेमावाल्यांनी बघा, सगळ्यात जाड पुस्तक घेतलं आणि 138 मिनिटांत संपवलं, त्या मालिकेतला शेवटून दुसरा छोटा सिनेमा तो.

पोरगी लगेच, सर सिनेमात झाडूवरचं क्विडिच पण नाही आणि हॉस्पिटल पण नाही. हॅरीच्या वर्गातल्या नेव्हिलची भ्रमिष्ट आई हॉस्पिटलात त्याला च्युइंगमचा कागद देते ते नाही. आजी म्हणते फेकून दे आणि तो खिशात ठेवतो, ते नाही. मग काय उपयोग? हे बोलताना तिचा आवाज असा काही झाला की सर दोन मिनिटं पेपर चाळत बसले.

इथे माझं मत घालते, कारण रजिस्टर माझ्याकडे असतं आणि कोण कुठून पुस्तक परत करतो ते मला दिसतं. घर झाडण्याच्या प्रकरणाला शिव्या देणारे खूप भेटले. पण सहाव्या प्रकरणात ते कपाट साफ करताना एक जड लॉकेट सापडतं, कोणालाच उघडत नाही, एका ओळीत येतं आणि जातं. हीच मंडळी सातवा भाग घेऊन गेली की परत येऊन विचारतात, ताई ते लॉकेट आधी कुठे आलं होतं हो, पाचवा द्या जरा. त्या घरातल्या म्हाताऱ्या नोकराचं पण तसंच, क्रीचरचं, तो कोपऱ्यात पुटपुटत फिरतो आणि वाचणारा वैतागतो, आणि शेवटी सगळं त्याच्यावरच येऊन अडतं. म्हणून ते झाडणं मी कोणाला काढू देणार नाही. त्या राक्षसाचं, हॅग्रिडच्या भावाचं, ग्रॉपचं, जे तिसावं प्रकरण आहे ते मात्र माझ्याकडून खुशाल घेऊन जा. परीक्षा तोंडावर, शाळेत गोंधळ, आणि मध्येच जंगलात नेऊन एक झोपलेला राक्षस दाखवतात. त्याचा पुढे थोडा उपयोग होतो, हो, पण तेवढ्यासाठी एवढी वाट?

आप्पा इतका वेळ गप्प होते. मग त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "ताई, तो पोऱ्या दर पानवर चिडस. मास्तरवर चिडस, दोस्तवर चिडस. मन्हा नातू बी असाच शे." सगळे हसले. सरांना तर मुद्दाच मिळाला, बघा म्हणे, आप्पांना पण तेच वाटतं, हिरो म्हणून डोक्यात जातो, मोठमोठ्यानं ओरडतो नुसता.

यावर माहेरवाशीण बोलली, आणि ती बोलली तेव्हा मुलाला कडेवर घेऊन झुलवत बोलली, त्यामुळे वाक्यं पण झुलत होती. ती म्हणाली सर मी हे बारावीच्या सुट्टीत वाचलं होतं आणि मला पण तो अजिबात आवडला नव्हता, आत्ता मागच्या वर्षी परत वाचलं, आणि आता असं वाटतं की हा पोरगा पंधरा वर्षांचा, चौथ्या भागाच्या शेवटी त्याच्या डोळ्यासमोर एक मुलगा मेला, आणि त्यानंतर पूर्ण उन्हाळा त्याला कोणी एक धड पत्र लिहीत नाही, पेपरवाले त्याला खोटारडा ठरवतात, आणि ज्या एका माणसावर विश्वास तो हेडमास्तर डम्बलडोर वर्षभर डोळ्याला डोळा देत नाही. मग तो चिडणार नाही तर काय करणार. तुम्हाला कंटाळा येतो कारण त्यालाही काहीच सांगत नाहीत. पस्तीस-छत्तीस प्रकरणं झाल्यावर म्हातारा सांगतो की माझं चुकलं, तुला आधी सांगायला हवं होतं. ते वाक्य शंभर पानांच्या पुस्तकात आलं असतं तर काही वाटलंच नसतं.

मला हे पटलं. सरांना अर्धवट पटलं, ते म्हणाले ठीक आहे पण कंटाळा दाखवायला कंटाळवाणंच लिहायला पाहिजे असं थोडंच आहे. हे पण बरोबर आहे, मी काय म्हणणार.

पण एका गोष्टीवर कोणाचं भांडण नव्हतं, ती म्हणजे अंब्रिज, सरकारनं शाळेवर बसवलेली मास्तरीण. गुलाबी कार्डिगन घालून गोड गोड बोलणारी ती बाई. तिचं नाव निघालं आणि सर खुर्चीत पुढे सरकले. ती मास्तरांच्या वर्गात पाटी-कागद घेऊन तपासणीला बसते, मध्येच खाकरते, भविष्य शिकवणाऱ्या शिक्षिकेला सगळ्या शाळेसमोर बॅगांसकट बाहेर काढायला निघते, ही प्रकरणं सरांना पाठ होती. वर म्हणाले व्होल्डेमॉर्टची भीती नाही वाटत हो, असला प्राणी आपल्याला भेटत नाही, ही भेटते. कोणाला भेटली ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आप्पांनी सांगितलं की डेपोत भिंतीवर परिपत्रकं लागायची तसे तिचे ते हुकूम भिंतीवर लागतात, नंबर टाकून, चोविसावा हुकूम वगैरे, ते वाचताना त्यांना बोर्डाचा वास आला म्हणे. पोरगीनं हात पुढे केला आणि दाखवलं, हॅरीला शिक्षा म्हणून त्याच्याच रक्तानं लिहायला लावते, मी खोटं बोलता कामा नये, आणि ते हातावर कोरलं जातं. मॅडम हे काढलं तर मी मेंबरशिप सोडीन. मी म्हटलं हे कोणी काढत नाहीये, आपण फक्त बांधणी करतोय.

बाइंडर ओट्यावरून ओरडला, खळ आटतेय, कुठे कापू?

मग खरी मीटिंग झाली. सरांचं मत तेवीसनंतर, कारण नाताळ संपतो, सत्र संपतं, शाळेच्या हिशोबानं सरळ. पोरगी बावीसवर अडून. माहेरवाशीण म्हणाली नेव्हिलच्या आईचं तेवीसमध्येच आहे, ते पहिल्या भागाचा शेवट म्हणून जास्त चांगलं, त्यानंतर माणसानं थोडं थांबावंच. पोरगी यावर नरमली. मी बोट ठेवून बघितलं तर तेवीसला पहिला तुकडा जाड होतो आणि दुसरा थोडा बारीक, बाइंडरला विचारलं, तो म्हणे मला काय, शिलाई होईल.

आणि मी आप्पांना विचारलं, तुम्ही बोला, तुम्ही कुठपर्यंत आलाय. आप्पा म्हणाले, "तीसावर. त्या राक्षसनी जोडे. तठेच सोडी दिधं." सर खूष, बघा मी म्हटलं ना, सगळे तिथेच सोडतात! आणि पुढे बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघालं की पुढची आठ प्रकरणं वाचाच आप्पा, तिथे शेवटी सिरियस... आणि माहेरवाशीणीनं जोरात खोकून दाखवलं. पोरगीनं डोळे मोठे केले. सर लाल झाले. कूलर घरघर करत राहिला.

आप्पांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, माहीत शे मले. नातूनी कवयच सांगी दिधं, तो कुत्रा व्हस तो मरस. म्हनीसन मी थांबनू. राक्षसनं काही नही, ते आपलं निमित्त शे. पुढे वाचं की मरस, नही वाचं की जित्ता शे.

आता इतकी वर्षं मी देवघेवीच्या टेबलावर बसते, अर्धवट परत आलेल्या पुस्तकाकडे मी नेहमी कंटाळा म्हणूनच बघितलंय. पुस्तक लांबलं म्हणून खूष असणारा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा बघितला, आणि तो पण मुद्दाम त्याच जागी थांबलेला जिथे मी पानं काढायला निघाले होते. पण तरी ग्रॉपचं प्रकरण मला आवडत नाही ते नाहीच.

बाइंडरनं तेवीसनंतर ब्लेड घातलं. संध्याकाळपर्यंत दोन लाल रेक्झिनची पुस्तकं तयार. मग नवीनच लफडं. दाखल नोंदवहीत पुस्तक एक, दाखल क्रमांक एक, आणि टेबलावर पुस्तकं दोन. आमच्याकडे साध्या वर्गणीवर एका वेळी एकच पुस्तक मिळतं, मग दोन्ही मिळून एक धरायचं की दोन? अध्यक्षांना फोन लावला, ते कुठल्याशा लग्नात होते, मागे बँड वाजत होता, म्हणाले क्रमांक तोच ठेवा आणि खाली आडवी रेघ मारून एक-दोन लिहा, आणि असल्या गोष्टीसाठी फोन करू नका. म्हणजे नेणाऱ्यानं दोन नेले तर काय ते अजून पण अनुत्तरित आहे, मी सध्या एक-एकच देते. पोरगीनं लगेच सुचवलं की एक जण पहिला वाचताना दुसऱ्याला दुसरा देता येईल, वेटिंग अर्धं होईल, आणि खरंच, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

अडचण एवढीच झाली की त्या दिवशी दोघांनाही दुसराच पाहिजे होता. पोरगी परत वाचत एकोणतीसपर्यंत आली होती, आप्पा तीसवर. पहिला तुकडा कोणी बघितला पण नाही. दुसरा मी पोरगीला दिला कारण मागणी वहीत तिचं नाव आधी होतं, आप्पांचं नाव तिच्या खाली लिहिलं, ते म्हणाले काही घाई नही. पोरगी सही करून निघाली, दारातून परत फिरली आणि आप्पांना म्हणाली, एकतीस, बत्तीस, तेहेतीस वाचा तुम्ही, परीक्षा आहे आणि अंब्रिजला ते घोडमाणसं उचलून नेतात, तेवढं तर मस्त आहे, चौतीसला थांबा पाहिजे तर. आप्पांनी बोटांवर मोजलं, आणि मला म्हणाले चौतीस कोठे सुरू व्हस तठे एक खूण घाली ठेव ताई, पुस्तक परत येईल तवय.