गांधीजींच्या खुनामागे कोण होतं, असं तुम्ही विचारलंत म्हणून

शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला, त्यामुळे हा प्रश्न मला लग्नात, बारशाला, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही विचारला जातो. "बाई, तुम्ही तो कपूर आयोग वाचलाय ना? मग खरं सांगा, गांधींच्या खुनामागे कोण होतं?" विचारणारा उत्तर घेऊनच आलेला असतो. एकाला माझ्या तोंडून सावरकरांचं नाव ऐकायचं असतं. दुसऱ्याला सावरकर सोडून कुणाचंही चालतं, मग इंग्रज, काँग्रेसमधलं कुणी, नाहीतर ती चौथी गोळी. मी बोलायला लागले की दोघांचेही चेहरे उतरतात. आजवर मी अर्धवट उत्तरं देऊन सुटका करून घेत आले. आज पूर्ण सांगते.

आधी त्या चौथ्या गोळीचं, म्हणजे तीन गोळ्यांखेरीज आणखी एक दुसऱ्याच कुणी झाडली या दाव्याचं, सांगून टाकते. त्यावर सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली, न्यायालयाने वकील नेमून कागद तपासून घेतले आणि मार्च २०१८ मध्ये ती फेटाळली. ज्याने गोळ्या झाडल्या तो नथुराम गोडसे जागीच पकडला गेला. त्याने कधी नाकारलं नाही, उलट कोर्टात तासन्‌तास निवेदन वाचलं. दिल्लीला गेलेले सातजण कोण, हे ठाऊक आहे. नथुराम आणि आपटे पुण्याचे, नथुरामचा भाऊ गोपाळ खडकीच्या लष्करी डेपोतला, करकरे नगरचा, मदनलाल फाळणीत घर गमावून आलेला, बडगे पुण्यात शस्त्रं विकणारा आणि शंकर त्याचा नोकर. पिस्तूल ग्वाल्हेरला मिळालं. एवढं स्वच्छ माहीत असताना लोक सारखे "मागे कोण" का विचारतात, याची मला आताशा चीड येते. पुढे जे उभे होते ते आपल्यातले होते, हे नजरेआड करायला तो प्रश्न फार सोयीचा आहे. मी स्वतःही तो बरीच वर्षं त्याचसाठी वापरला.

आमच्या घरात त्याला 'गांधीवध' म्हणत. वध राक्षसाचा होतो, माणसाचा खून होतो, हे मला पंचविशीत कळलं. शब्द कळला तरी तो तोंडात बसायला आणखी काही वर्षं गेली. खुनी ब्राह्मण, म्हणून कऱ्हाडजवळच्या गावातलं आमचं ब्राह्मणाचं घर गांधीजी गेल्यावर तिसऱ्या दिवशी जाळलं. माझा जन्म त्यानंतर तीन वर्षांनी पुण्यात, सदाशिव पेठेतल्या वाड्यातल्या दोन खोल्यांत झाला. 'जळीत' हा शब्द मी बाराखडीच्या आधी शिकले असेन. जळिताच्या आधी, जळिताच्या नंतर, जळिताचं कर्ज. वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते, ते कर्ज फेडत राहिले. कुणी जाळलं, असं विचारलं की त्यांचं एकच उत्तर असे, "बाहेरचे होते. ट्रकने आले होते."

नोव्हेंबर १९६४. गोपाळ गोडसे, करकरे, मदनलाल शिक्षा भोगून सुटले आणि पुण्यात त्यांच्यासाठी सत्यविनायकाची पूजा झाली. वडिलांचे एक स्नेही आमंत्रण द्यायला आले होते. वडील गेले नाहीत. त्या दुपारी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले होते, एवढं मला आठवतं. मी तेरा वर्षांची होते. मग पेपरात आलं की ग. वि. केतकर त्या समारंभात म्हणाले, नथुरामचा बेत मला आधी कळला होता. केतकर म्हणजे टिळकांचे नातू, 'केसरी'चे माजी संपादक. वडिलांनी ती बातमी दोनदा वाचली, पेपराची घडी घातली आणि आईला म्हणाले, "म्हणजे माहीत होतं यांना." पुढे एक शब्द नाही. त्या बोलण्यावरून एवढं वादळ उठलं की शेवटी चौकशी आयोग नेमावा लागला, तोच हा न्यायमूर्ती कपूरांचा आयोग. अहवाल १९६९ सालचा. माझ्या हाती तो पडला तेव्हा माझी चाळिशी उलटली होती.

तो वाचताना मी मागचा हात शोधत होते. हाती लागले ते दहा दिवस. २० जानेवारीला गांधीजी दिल्लीत राहत होते त्या बिर्ला हाउसमध्ये स्फोट झाला, मदनलाल तिथेच सापडला. त्याच्या बोलण्यात पुण्याच्या एका वर्तमानपत्राच्या संपादकाचा उल्लेख आला. दिल्लीच्या मरीना हॉटेलात नथुराम आणि आपटे 'देशपांडे' नावाने उतरले होते, तिथे धुवायला टाकलेल्या कपड्यांवर एन. व्ही. जी., म्हणजे नथुराम विनायक गोडसे, अशी अक्षरं निघाली. मुंबईत रुइया कॉलेजच्या प्राध्यापक जैनांना मदनलालने आधीच बरंच सांगून ठेवलं होतं. जैनांनी २१ तारखेला ते मुंबई सरकारचे प्रमुख बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाईंच्या कानावर घातलं. पुण्याचा एक वरिष्ठ पोलीस अधिकारी त्या आठवड्यात दिल्लीतच होता, आणि घाई असताना तो परत आला तो विमानाने नव्हे, आगगाडीने. पुण्यात त्या पेपरचा संपादक कोण, हे सांगायला हवालदारसुद्धा पुरला असता. ३० तारखेपर्यंत कुणी त्याच्या दारावर थाप मारली नाही.

यात वरून कुणाचा हात होता का? मी तसं एकदा लिहिलंही होतं, एका दिवाळी अंकात, मोठ्या आवेशात. तो लेख आज कुणी काढून दाखवला तर मला त्यातली प्रत्येक ओळ खोडावीशी वाटते. मला तेव्हा दोषी दिल्लीत हवा होता. पुण्यातून, माझ्या गल्लीतून, जितका लांब तितका बरा. हलगर्जीपणा होता, निबरपणा होता, एकमेकांवर ढकलणं होतं. याहून जास्त सिद्ध करणारा कागद मला अहवालात सापडला नाही.

आणि सावरकर? विचारा, मी टाळत नाही. कोर्टाने त्यांना सोडलं. सावरकर नथुराम-आपट्यांना "यशस्वी होऊन या" म्हणाले, हे माफीचा साक्षीदार झालेल्या बडगेने सांगितलेलं वाक्य स्वतंत्र पुराव्यावाचून कोर्टाने धरलं नाही, आणि कायद्याने ते बरोबरच होतं. सावरकरांच्या अंगरक्षकाचे आणि चिटणिसाचे मार्च १९४८ मधले जबाब पोलिसांकडे होते, ते दोघे साक्षीच्या पिंजऱ्यात आलेच नाहीत. कपूरांनी ते जबाब पाहिले आणि लिहिलं की सगळं एकत्र पाहता सावरकर आणि त्यांच्या गटाने केलेला कट, याखेरीज दुसरा निष्कर्ष टिकत नाही. तोवर सावरकर जाऊन तीन वर्षं झाली होती, उत्तर द्यायला ते नव्हते. यातलं एकच अर्ध उचलून मला "बघा बाईच म्हणाल्या" म्हणू नका. माझं मत कुठे झुकतं? कपूरांकडे. पण मी न्यायाधीश असते तर बडगेच्या शब्दावर मीही शिक्षा दिली नसती. हे दोन्ही माझ्यात एकदम आहे आणि त्याचा मला त्रास होतो.

आता जे मी कुणालाच सांगितलेलं नाही ते.

वडील गेल्यावर गावच्या तुकड्याच्या सातबाऱ्यावर वारसनोंद करायला मी एकटीच गेले होते. तलाठी भेटला नाही. एसटीला अवकाश होता म्हणून जुन्या जागेकडे गेले. जोतं तेवढं शिल्लक होतं, त्यावर कुणीतरी कडबा रचला होता. शेजारच्या घरातून एक म्हातारे बाहेर आले. "मास्तरांची थोरली न्हवं तू?" म्हणाले, आणि मला ओसरीवर बसवून सुनेला चहा टाकायला सांगितला. मग आत जाऊन धडप्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. सोडून दाखवलं तर पितळी कडी, आमच्या झोपाळ्याची. एका बाजूला पितळ वितळून खाली ओघळलेलं, मेणबत्तीसारखं. आई त्या झोपाळ्याबद्दल इतकं बोलायची की मी तो पाहिल्यासारखाच होता.

"दुसऱ्या दिवशी राखंत घावली. द्यायची ऱ्हायली," ते म्हणाले. आणि मग, माझ्याकडे न बघता, "ट्रक आलं त्ये खरं हाय. पर बामनाचं घर कंचं, त्ये त्यास्नी काय ठावं? मला इचारलं. म्या हात केला."

चौदा वर्षांचे होते ते तेव्हा. वाटसरूला वाट दाखवावी तसा हात केला, म्हणाले. मग तिथंच उभे राहिले, शेवटपर्यंत.

मी काय करायला हवं होतं ते मला आज ठाऊक आहे. त्या हातावर हात ठेवायला हवा होता, किंवा निदान चहा तरी प्यायला हवा होता. मी विचारलं, "त्यांना पाठवलं कुणी होतं? मागे कोण होतं?" ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "त्ये न्हाई ठावं, पोरी." मी कडी पिशवीत टाकली आणि उठले. चहाचा कप तसाच राहिला, त्यावर साय धरली होती. इतक्या वर्षांनी एक माणूस आपण होऊन स्वतःचं नाव सांगत होता, आणि मला त्याच्या मागचं दुसरंच कुणीतरी हवं होतं. पुढच्या खेपेला गेले तर ते वारले होते.

वडिलांना माहीत असणार. शेजारचंच पोर. तरी ते जन्मभर "बाहेरचे होते" म्हणत राहिले. त्या पोराला वाचवत होते की स्वतःला, मला सांगता येत नाही. कारण दुसरी गोष्टही आहे, ती मला आत्याने सांगितली. काकांच्या कपाटात गावातल्या लोकांची गहाणखतं होती, ती त्या दिवशी आधी बाहेर काढून पेटवली. आणि ३० तारखेला रात्री बातमी आली तेव्हा आमच्या ओटीवर काका मोठ्याने "बरं झालं" म्हणाले होते.

म्हणून घर जाळणं योग्य होतं का? मुळीच नाही. आजीला घोंगडीत गुंडाळून उसाच्या फडात लपवलं होतं, तिने कुणाचं काय केलं होतं? कोल्हापूर, सांगली, सातारा भागात, पुण्यात, मुंबईत जातीवरून माणसं हुडकून मारली, जाळली, त्याला न्याय म्हणणाऱ्याशी मी आजही भांडते. पण आमच्याकडे त्या आगीचा उपयोग दुसऱ्याच कामासाठी झाला. आम्ही जळितग्रस्त, मग खुनाबद्दल आम्हाला विचारायचं नाही. गांधींनी पाकिस्तानला पंचावन्न कोटी द्यायला लावले म्हणून खून झाला, हे कारणही तसंच सांगतात. १९४४ साली पाचगणीला आपटे आणि त्याची माणसं गांधींविरुद्ध घोषणा द्यायला गेली, तेव्हा कुठे फाळणी झाली होती आणि कुठे होते पंचावन्न कोटी?

काका 'अग्रणी'चे वर्गणीदार होते. नथुराम संपादक आणि आपटे व्यवस्थापक असलेला तोच पेपर, पुढे त्याचं नाव 'हिंदु राष्ट्र' झालं. काका टपालाने येणारा अंक ओटीवर बसून मोठ्याने वाचून दाखवत, आणि ऐकायला माणसं जमत. वडीलही जमत असतील. हल्ली मला कुणी "मागे कोण" विचारलं की मी कपूरांनी लिहिलेलं सांगते, केतकरांचं सांगते, आणि मग काकांचं नाव घेते. माझ्या आत्तेभावाला हे मुळीच खपत नाही. गेल्या गणपतीत तो सगळ्यांदेखत म्हणाला, "पेपरची वर्गणी भरली म्हणजे मामा कटात होता का?" नाही, कटात नव्हते. "मग कशात होता?" तो पुन्हापुन्हा विचारत राहिला. सगळे माझ्याकडे बघत होते. आजही मला तो शब्द सापडलेला नाही.