सायकल मार्ग चौकात फसतो

सायकल मार्गाचा आराखडा हातात आला की आधी चौक बघा. मधला सरळ पट्टा आखणं सोपं असतं. खरा धोका वळणाऱ्या गाडीचा. पट्टा चौकाच्या अलीकडेच संपवून सायकलस्वाराला गर्दीत सोडून देणं, हा माझ्या मते सर्वांत वाईट दोष. मार्ग चौकातून सलग न्या, पण सायकलने आडवा रस्ता ओलांडण्याची जागा मुख्य रस्त्यापासून साधारण ५ मीटर, म्हणजे एका गाडीच्या लांबीइतकी, आत घ्या. तिथवर वळलेली गाडी जवळपास काटकोनात येते, चालकाला सायकल समोर दिसते आणि मागची वाहतूक न अडवता थांबता येतं. कोपऱ्याची त्रिज्या कमी ठेवली की वेगही आपोआप उतरतो. ओलांडण्याची जागा फुटपाथच्या पातळीला उचलली तर आणखी उत्तम.

रुंदी एकेरी मार्गाला २ मीटर, दुहेरीला ३. त्याहून अरुंद पट्ट्यात हळू चाललेल्या सायकलच्या पुढे जाता येत नाही, मग लोक रस्त्यावर उतरतात. शेजारी पार्किंग असेल तर गाडीच्या उघडणाऱ्या दारासाठी ८० सेंटिमीटर ते १ मीटर पट्टी वेगळी सोडा. ती या रुंदीत धरू नका.

नुसत्या रंगाने पार्किंग थांबत नाही, कडा हवीच. पण उंच, उभ्या कडेला पॅडल घासतं. ५-६ सेंटिमीटरची उतरती कडा पुरते. गटाराच्या जाळीच्या फटी प्रवासाच्या दिशेला आडव्या बसवा, नाहीतर चाक अडकतं. पृष्ठभागासाठी पेव्हर ब्लॉक टाळा, ते खचतात. यंत्राने अंथरलेलं डांबर घाला.