चौथी तुकडी

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात कर्णधार प्रियांका इंगळेच्या भारतीय मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवलं, कर्णधार प्रतीक वाईकरच्या मुलांनीही नेपाळलाच 54-36. दुसऱ्या दिवशी सोमवारी आमचे मुख्याध्यापक शिक्षकखोलीत शिरले ते बोलतच, "आपले जुने संघ कुठंयत? त्यांचा एक गौरव फलक करू."

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी क्रीडाशिक्षक आहे. काम माझ्याकडेच येणार होतं. क्रीडा विभागाचं कपाट उघडलं तर फुटके व्हॉलीबॉल, गंजलेला गोळा आणि वाळवीनं कडा कुरतडलेली प्रमाणपत्रं. त्यातून पाच संघ हाती लागले. चार मुलांचे, एक मुलींचा. मुलींचा संघ 1988 चा, खो-खोचा. तालुका, जिल्हा, विभाग पार करून राज्यापर्यंत गेलेला आमच्या शाळेचा पहिला मुलींचा संघ. पिवळी पडलेली वर्तमानपत्रातली बातमी मिळाली, तिच्यात नऊ नावं होती. फोटोही मिळाला. फोटोत मुली बारा होत्या.

मी मोजल्या होत्या. खोटं कशाला बोलू? पण उरलेल्या तिघी हौसेनं येऊन उभ्या राहिल्या असतील असं मनाशी ठरवलं आणि पेंटरला नऊ नावं लिहून दिली. खो-खोच्या संघात बारा जण असतात, नऊ मैदानात आणि तीन राखीव, हे मी दरवर्षी पाचवीच्या वर्गाला शिकवतो.

कार्यक्रम 29 ऑगस्टला, राष्ट्रीय क्रीडा दिनी ठेवला. गणपती बसून तिसरा दिवस, आणि गौरी दोन दिवसांवर आलेल्या. बायका येतील का ही धास्ती होती. पण उलटंच झालं. गौरीच्या निमित्तानं माहेरी यायचंच होतं, त्या दोन दिवस आधी आल्या. दुपारी एकपासून शाळेच्या व्हरांड्यात पन्नाशीतल्या बायकांचा जो कलकलाट सुरू झाला, तो ऐकून नववीच्या मुली वर्गाच्या खिडकीला लोंबकळल्या. कोणाचा गुडघा गेलेला, कोणाला सून आलेली. मैदानात चिखल होता, तरी एकीनं पदर खोचून खांब गाठलाच. वळता वळता घसरली. बाकीच्यांनी उचलायच्या आधी "बाद! बाद!" म्हणून ओरडून घेतलं.

त्यांचे सर अडीचला रिक्षातून उतरले. वय ऐंशीच्या पुढं, कानाला कमी ऐकू येतं. फलक पडद्याआड होता. पण सरांना पडदाबिडदा कळत नाही. त्यांनी तो बाजूला सारला आणि नावांवर बोट ठेवत तीन-तीनच्या हिशेबानं वाचू लागले, कारण खो-खोत पळायला तिघा-तिघांची तुकडी उतरते. माझ्या यादीत नावं अकारविल्हे होती, त्यांनी ती मनातल्या मनात फिरवून घेतली. ही पहिली तुकडी, या तिघी पळायला लागल्या की समोरचा संघ रडायचा. ही दुसरी. तिसरीत ही, ही आणि ही. बोट थांबलं.

"चौथी कुठाय?"

मला आधी कळलंच नाही. नऊ जणींच्या तुकड्या तीनच होतात.

"अरे, चौथी तुकडी! राखीव. रोज सकाळी साडेपाचला कोण पळत होतं मग? या नऊ जणी कुणाला धरायला शिकल्या? त्या तिघींना मी दम खाऊ द्यायचो नाही. सामन्यात बसवायचो आणि सरावात पळवायचो. राज्याला एकीला तरी एक डाव द्यायला पाहिजे होता." सर गप्प झाले. मग स्वतःशीच म्हणाले, "नाही दिला."

आता घाम मला फुटला होता. त्या तिघींपैकी कोणी आलं आहे का, म्हणून विचारलं. एक जण होती. तिसऱ्या रांगेत, इचलकरंजीहून एसटीनं आलेली, पायाशी गौरीच्या सामानाची पिशवी. मी तिला फोनही केला नव्हता, मैत्रिणींनीच आणलं होतं. तिनं सगळ्यांच्या आधी, आल्या आल्या पडद्याच्या फटीतून फलक पाहिला होता आणि कोणाला काही बोलली नव्हती.

मी जाऊन माफी मागितली. ती म्हणाली, "असू द्या हो सर. मी मैदानात उतरलेच कुठं?"

त्याच 1988 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या आझाद मैदानावर शारदाश्रम शाळेच्या दोन पोरांनी हॅरिस शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेत 664 धावांची भागीदारी केली होती. सचिन नाबाद 326, कांबळी नाबाद 349. हे आकडे मला झोपेतही येतात. त्यांच्यामागं पॅड बांधून ताटकळलेला अमोल मुजुमदार मात्र, नोव्हेंबर 2025 मध्ये त्याच्या प्रशिक्षणाखाली आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला तेव्हाच बहुतेकांना आठवला. मी त्याच बहुतेकांतला.

पेंटरला फोन लावला. तो मंडळाच्या देखाव्यात किल्ल्याचा बुरूज रंगवत होता. "आज नाही जमायचं," म्हणाला. मग फोन सरांनी घेतला. पेंटर आमच्याच शाळेचा, सरांच्या हातचा मार खाल्लेला. वीस मिनिटांत डबा आणि ब्रश घेऊन हजर.

आता नावं माहेरची लिहायची की सासरची, यावर बायकांचं भांडण जुंपलं. माहेरचीच, कारण पळाल्या त्या त्या नावानं, असा निकाल त्यांनीच दिला. संघाबरोबर गेलेल्या शिवणाच्या बाईंचं नाव प्रमाणपत्रावर असल्यामुळं सुदैवानं आधीच होतं. त्या घरोघरी जाऊन वडिलांच्या सह्या घेऊन आल्या नसत्या तर संघ एसटी स्टँडपर्यंतही पोचला नसता, हे मला त्या दिवशी निदान चौघींनी सांगितलं.

खरी अडचण जागेची होती. नऊ नावांखाली ठळक अक्षरांत उद्घाटक म्हणून प्रमुख पाहुण्यांचं नाव होतं, पदासकट, दोन ओळींत. पेंटर ब्रश धरून मुख्याध्यापकांकडं पाहत राहिला. मुख्याध्यापक माझ्याकडं. सर खुर्चीतून म्हणाले, "पाहुणे राज्याला खेळले होते का?"

टर्पेंटाइनच्या फडक्यानं ते नाव पुसलं गेलं. तिथं तीन नावं बसली, जराशी दाटीवाटीनं, आणि शेवटचं अक्षर चौकटीला टेकलं.

पाहुणे साडेचारला आले. पडद्याची दोरी ओढली, टाळ्या झाल्या, रंगाचा वास दरवळत होता. फोटोसाठी सगळे फलकापाशी उभे राहिले. बारापैकी एक वारलेली, दोघी येऊ शकल्या नव्हत्या, नऊ जणी होत्या. इचलकरंजीची बाई कडेला सरकत होती, तिला सरांनी मनगट धरून आत ओढलं. फोटोत सगळे समोर बघतायत. पाहुणे तेवढे मान वळवून फलकाच्या तळाशी काहीतरी शोधतायत.