बाबांच्या पावसाच्या वह्या आणि माझी पहिली वेबसाइट

बाबा गेली २६ वर्षं रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजतात आणि वहीत आकडा लिहितात. अशा ११ वह्या झाल्यात. जुन्या वह्यांचा कागद पिवळा पडून कडेला तुटायला लागला, तेव्हा मी ठरवलं की हे सगळं वेबसाइटवर आणायचं. आकडे भरण्याची भीती नव्हती, माझं दिवसभराचं काम हिशेबाचंच आहे. गाडी अडली ती दिसण्यापाशी. चित्रकलेचा हात मला नाही आणि कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग शोभतो हे मला आपसूक कळत नाही.

म्हणून एक तयार टेम्प्लेट, म्हणजे वेबसाइटचा आयता साचा, घेतलं. वर आडवा पसरलेला ढगांचा फोटो, त्यावर पांढरी अक्षरं, खाली तीन रंगीत चौकोन. नमुन्यात फार देखणं दिसत होतं. माझा मजकूर घातला आणि सगळी रया गेली. नमुन्यातलं शीर्षक दोन शब्दांचं, माझं सात शब्दांचं. तिथले फोटो कसलेल्या माणसाने काढलेले, माझ्याकडे वहीची पानं. टेम्प्लेटचं निम्मं सौंदर्य त्यातल्या फोटोंचं असतं, हे तेव्हा लक्षात आलं.

शिवाय ते रोमन लिपीसाठी बेतलेलं. शीर्षकातल्या अक्षरांमध्ये जादा अंतर सोडलं होतं. रोमन अक्षरांना ते चालतं, पण आपल्याकडे शिरोरेषा तुटते. ‘पर्जन्यमान’ या शब्दातलं प्रत्येक अक्षर आपापला रेषेचा तुकडा डोक्यावर घेऊन वेगळं उभं होतं. ओळींमधलं अंतर अक्षरांच्या आकाराच्या १.२ पट होतं, त्यामुळे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना जाऊन भिडत. अक्षरांमधलं जादा अंतर शून्य केलं, ओळींचं १.७ केलं आणि पान मोकळं झालं. त्यात कला कसलीच नव्हती. आपली लिपी कशी बसते तेवढं बघायचं होतं. (पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये जरूर लिहा. ज्या फॉन्टमध्ये तशी सोय असते, तिथे ल आणि श आपल्या वळणाचे येतात.)

मग फोन बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरला, जवळ घेतला, खिडकीकडे तिरका केला.

“आकडे दिसतायत. तारीख कुठाय गं?”

तारीख समोरच होती, फिकट राखाडी रंगात. नाजूक दिसावी म्हणून मीच तो रंग निवडला होता. रात्री तपासलं. पांढऱ्यावर त्या राखाडीचं कॉन्ट्रास्टचं गुणोत्तर, म्हणजे दोन रंगांच्या उजळपणातल्या फरकाचं माप, २.८५ भरलं. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी या निकषांच्या एए पातळीनुसार साध्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ लागतं. बाबांच्या डोळ्यांना मी उगाच बोल लावत होते. मला रंग कळत नाहीत, पण गुणोत्तर कळतं! त्या दिवसापासून प्रत्येक रंग मोजूनच घेतला.

त्याच आठवड्यात वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत केलेल्या जगातल्या पहिल्या संकेतस्थळाची जपून ठेवलेली प्रत उघडून पाहिली. मूळ संकेतस्थळ १९९१ चं. मथळे, मजकूर, दुवे, बस. पानाचे रंग, आकार, मांडणी मजकुरापासून वेगळी लिहिण्याची पद्धत म्हणजे सीएसएस; तिची कल्पना होकोन व्हिउम ली यांनी मांडली ती त्यानंतर, १९९४ मध्ये. तरी आजही ते पहिलं पान सरळ वाचता येतं, खिडकी लहान केली की ओळी आपोआप मोडून बसतात. मला फार धीर आला. टेम्प्लेट काढून टाकलं आणि कोऱ्या पानापासून सुरुवात केली.

फॉन्ट घेतला ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा मुक्ता, आकार १८ पिक्सेल. मोकळ्या जागा ८, १६, ३२ पिक्सेल अशा ८ च्याच पटीत ठेवल्या, म्हणजे दर वेळी अंदाज बांधत बसावं लागत नाही.

राहिला तक्ता. त्याचं काय करावं ते सुचेना, म्हणून वही उघडली आणि बराच वेळ बघत बसले. डावीकडे तारीख. उजवीकडे आकडा, दशांशचिन्हं काटेकोर एकाखाली एक. पाऊस झालाच नाही त्या दिवशी आडवी रेघ, रिकामी जागा नाही, कारण रिकामी जागा म्हणजे मोजायचं राहिलं. महिना संपला की बेरजेखाली दोन रेघा आणि मग एक ओळ कोरी. बाबांनी मांडणीचा अभ्यास कधी केला नाही. रोज लिहिणाऱ्या आणि पुन्हा पुन्हा शोधणाऱ्या माणसाने स्वतःपुरती घडवलेली ती मांडणी आहे, आणि तिच्यात एक रेघही जास्तीची नाही. मी ती जशीच्या तशी उचलली. दुव्यांचा निळा रंगसुद्धा स्कॅन केलेल्या पानावरच्या शाईतून घेतला. मोजला, ४.५ च्या बराच वर निघाला.

परवा पुन्हा बाबांना फोन दिला. या वेळी फोन लांब-जवळ झाला नाही. अंगठ्याने पान सरकवत ते एकेक महिना वाचत गेले. मी चहा ठेवायला उठले, तेवढ्यात मागून हाक आली.

“अगं, १४ जुलैला ३८.० नाही. ३.८ असणार. त्या दिवशी नुसती भुरभुर होती.”

वही काढून पाहिलं. ३.८ च होतं.